केदारच्या तोंडातली नळी

हे मी लिहिलेलं नाही, आधीच सांगतो. मी बोललोय आणि सुनेने टाइप केलंय. माझी शाळा चौथीत सुटली. म्हणजे शाळेनेच मला सोडलं, मी बिचारा तिला धरून बसलेलो. सून ठाण्याची, शिकलेली. ती मधेच थांबते आणि म्हणते, पप्पा, असं नाही म्हणत. मी म्हणतो, मी असंच म्हणतो, तसंच ठेव. त्यात मला ऐकू येतं कमी, त्यामुळे ती काय सुचवते त्यातलं निम्मं माझ्यापर्यंत पोचतच नाही. तेव्हा यात जे चुकलेलं दिसेल ते माझं, आणि जे बरं वाटेल ते तिने गुपचूप घातलेलं.

दिवाळी अंकवाले म्हणाले, धंद्याबद्दल सांगा. धंदा काय, स्पीकर रिपेअरिंग. डोंबिवलीला मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीत दुकान आहे. दुकान म्हणजे असं की एक तर मी आत बसतो नाहीतर स्पीकर. स्पीकर मोठा आला की मी बाहेर स्टुलावर. लोकांना वाटतं मालक बाहेर हवा खातोय.

स्पीकर उघडलात तर आत फार काही नसतं. मागे लोहचुंबक, मधे तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी, तिला कॉइल म्हणतात, आणि पुढे कागदाचा कोन. गाणं आलं की कॉइल पुढेमागे नाचते, कोन तिच्याबरोबर हलतो आणि हवा ढकलतो. कितीही महागाचा स्पीकर घ्या, शेवटी कागदच फडफडतो. गिऱ्हाईक आवाज वाढवतं, कॉइल जळते, कागद फाटतो, आणि माझ्या घरी चूल पेटते. भोंग्यात मात्र कागद नसतो. त्याच्या मागे मुठीएवढा लोखंडी डबा असतो, त्याला आम्ही युनिट म्हणतो. आवाज त्या डब्यात तयार होतो, अंगठ्याएवढ्या भोकातून बाहेर पडतो, आणि पुढचा कर्णा त्याला मोठा करतो. हे युनिट तेवढं लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल. मी पण विसरत चाललोय.

आयुष्यभर टेस्टिंग करून कान गेले. डॉक्टर म्हणाला कानाला मशीन लावा. मी म्हटलं, मशीनमध्ये पण स्पीकरच ना? मग तो किती टिकतो ते मला माहितीय. नाही लावलं. बायको म्हणते, तुम्ही आधीही कुठे ऐकत होतात.

पूर्वी ठाण्याहून एक रिटायर्ड साहेब आलेले, रेडिओ पिशवीत घालून. म्हणाले, बातम्या देणारी बाई हल्ली लांबून बोलल्यासारखी वाटते. मी कोन बदलला. तरी लांबून. कॉइल बदलली. तरी लांबून. शेवटी मी त्यांना म्हटलं, साहेब, बाईच बदलली असेल. ते हसले नाहीत, रेडिओ घेऊन गेले. त्यांचे कान चाललेत हे त्यांना कळलं नाही आणि मलाही नाही. माझे जायला लागले तेव्हा ते साहेब आठवले. पण तोपर्यंत ते कुठे असतील कोणाला ठाऊक, सांगणार कोणाला?

आमच्या दुकानाचा एक रिवाज आहे. गिऱ्हाईकाला माल देताना त्याचंच गाणं लावून द्यायचं. डीजेवाला आला की त्याचं हळदीचं गाणं. भजनी मंडळ आलं की त्यांचाच अभंग. माणसाला आपला आवाज ओळखीचा असतो, तो नीट वाजला की तो खूश होऊन जातो, खुसपट काढत नाही. माझ्या बापाने शिकवलेलं. बापाचे कान शेवटपर्यंत चांगले होते, हा फरक त्याने हिशेबात धरला नव्हता. निवडणुकीत एका उमेदवाराच्या रिक्षाचा भोंगा दुरुस्त करून मी झोकात प्रचाराचं गाणं लावलं. आख्ख्या गल्लीत वाजलं. त्याची चार पोरं धावत आली, मला वाटलं खूश होऊन आली, मी चहा सांगितला. गाणं समोरच्या उमेदवाराचं होतं. चहा त्यांनी माझ्या अंगावर प्यायला, म्हणजे ओतला. तेव्हा सगळे हसले, मी पण हसलो. तो रिवाज तिथेच सोडायला पाहिजे होता.

आता त्या बँडचं सांगतो. लग्नाचा बँड नव्हे. रॉक बँड. नाव 'फेज टू', कारण एमआयडीसीच्या फेज टूमध्ये एका बंद पडलेल्या कंपनीच्या गाळ्यात ते प्रॅक्टिस करायचे. पोरं म्हणायचो मी त्यांना, पण पोरं कसली, चाळिशीला आलेले बाप्ये. दिवसभर नोकऱ्या करायचे आणि रविवारी केस मोकळे सोडायचे, ज्यांचे उरलेत ते. गिटारवाला सौरभ, ठाण्याचा, इंजिनीअर, फार नेटका माणूस. वायर पण इस्त्री केल्यासारखी गुंडाळायचा. ड्रमवाला मंगेश, सगळे मंग्या म्हणायचे, त्याला दिसेल ते वाजवायची सवय, माझं काउंटरसुद्धा. एक बास गिटारवाला होता, तो कधी बोलायचाच नाही, त्यामुळे त्याला इथे काम नाही. आणि गाणारा केदार. आंबिवलीला राहायचा, कल्याणला कुरियरच्या ऑफिसात होता.

या केदारच्या गळ्यावर माझं घर चाललं म्हटलं तरी चालेल. त्याने स्पीकर फोडले तेवढे गणपती मंडळांनी मिळून फोडले नसतील. मी एकदा त्याला म्हटलं, अरे जरा दमाने, कागद आहे तो. तर म्हणाला, "काका, तुम्ही जाड कागद लावा, मी बारीक गाणार नाही." त्यांची गाणी मला काही झेपायची नाहीत. मी दिवसभर ज्या फाटक्या आवाजाशी झगडायचो तोच आवाज ते मुद्दाम काढायचे. पण केदार ओरडायला लागला की माझ्या बहिऱ्या कानातही पोचायचा, आणि तसं पोचणारी माणसं माझ्याकडे फार उरली नव्हती.

मग वर्षभर कोणी आलं नाही. मला वाटलं दुसरा रिपेअरवाला गाठला. मनात चार शिव्या पण घातल्या. एक दिवस केदार आला, गळ्याला रुमाल बांधलेला. मी म्हटलं, काय रे, दादा झालास का एरियाचा? त्याने रुमाल खाली केला. गळ्यात भोक होतं.

स्वरयंत्राचा कॅन्सर. परळला ऑपरेशन झालेलं, सगळं काढून टाकलेलं. श्वास आता त्या भोकातून. तोंड शाबूत, जीभ शाबूत, ओठ हलायचे, पण आत वाजवायला काही नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर कर्णा चांगला, युनिट गेलं. मी हे तेव्हा त्याच्या तोंडावर बोललोसुद्धा, अक्कल बघा. तो हसला. हसण्याचा आवाज गळ्याच्या भोकातून फस्सकन आला.

बोलण्यासाठी गळ्याला लावायचं बटणाचं मशीन मिळतं, ते त्याने आणलेलं. सगळं एकाच पट्टीत घरघरतं. एकदा वापरलं आणि कपाटात टाकलं, असं मंग्याने सांगितलं. त्यापेक्षा फोनवर टाइप करून दाखवणं त्याला बरं वाटायचं. आता आमची जोडी बघा. त्याला बोलता येत नाही, मला ऐकू येत नाही, तो लिहून दाखवतो तर मला वाचायला वेळ लागतो. तो स्क्रीन धरून उभा, मी बोट फिरवत एकेक अक्षर लावतोय. एकदा मी वाचून होईपर्यंत त्याचा फोन बंद पडला.

बँडने दुसरा गाणारा घेतला नाही. याचं मला कौतुक वाटायचं, आता कधी कधी वाटतं घेतला असता तर बरं झालं असतं. सौरभने ठरवलं, गाण्याचे शब्दच नकोत. नुसत्या वाद्यांचा अल्बम करायचा. रॉक सोडून जॅझ फ्युजन. मी मंग्याला विचारलं, ते काय असतं? त्याने काउंटर बडवत समजावलं. म्हणाला, काका, एकत्र कुटुंब समजा. चुली वेगळ्या, ज्याला पाहिजे ते त्याने रांधायचं, पण पंगतीला सगळे एकत्र बसायचं आणि एकमेकांच्या ताटातलं खायचं. मी म्हटलं, आमच्याकडे असं केलं की कोर्टात जातात.

तर असा तो अल्बम सुरू झाला, आणि केदार दर प्रॅक्टिसला यायचा. तो नसता आला तर कोणी काही म्हटलं नसतं. पण यायचा. वायरी उचलायचा, चहा आणायचा, पंखा पुसायचा. मी एकदा गाळ्यात गेलेलो तर सगळे वाजवतायत, आणि हा भिंतीला टेकून उभा, हातात रिकामे कप. ज्याच्या आवाजाने माझे कोन फाटायचे तो माणूस कप विसळायला गेला. सौरभ गिटारकडेच बघत राहिला.

नळीची अक्कल सौरभची, माझी नाही. परदेशात गिटारवाले असं करतात म्हणे. गिटारचा आवाज युनिटमध्ये सोडायचा, युनिटच्या भोकाला नळी लावायची, नळीचं दुसरं टोक गाणाऱ्याच्या तोंडात. मग त्याने गळा वापरायचाच नाही, नुसतं तोंड हलवायचं. आवाज नळीतून येतो, तोंड त्याचे शब्द करतं. समोर माइक ठेवायचा. सौरभ म्हणाला, यात गळा लागतच नाही. हे तो दोनदा म्हणाला, म्हणून मला ऐकू आलं. युनिट माझ्याकडे ढिगाने पडलेले.

मी आधी स्वतःच्या तोंडात नळी घालून बघितली. मंग्याने अँप्लिफायरवरून एक गाणं सोडलं आणि माझी कवळी अशी थरथरली की खाली पडली. पण एक सांगतो, ते गाणं मला ऐकू आलं. कानाने नाही, जबड्याने. कितीतरी वर्षांनी आतून गाणं ऐकलं मी. कोणाला बोललो नाही, कवळी शोधत होतो.

मग केदारला दुकानात बोलावलं. सौरभ गिटार घेऊन यायचा होता, तो रस्त्यात अडकला. केदार स्टुलावर बसलेला, नळी तोंडात, डोळे माझ्याकडे. मंग्या म्हणाला, थांबूया काका. मी म्हटलं, तोवर टेस्टिंग करून ठेवतो. आणि मी रिवाज पाळला. गिऱ्हाईकाचंच गाणं. माझ्या फोनमध्ये फेज टूचं जुनं रेकॉर्डिंग होतं, मंग्यानेच कधीतरी टाकलेलं. म्हटलं पोरगा खूश होईल. लावलं.

केदारने सवयीने तोंड उघडलं आणि त्याच्या तोंडातून त्याचाच आवाज बाहेर आला. पूर्वीचा. ऑपरेशनच्या आधीचा.

मला काही ऐकू येत नव्हतं. मला फक्त दिसत होतं की याचं तोंड उघडंय आणि मंग्याचे हात काउंटरवर थांबलेत. केदारने ओठ मिटले. परत उघडले. परत मिटले. मला वाटलं, वा, जमतंय. मी त्याला अंगठा दाखवला. असा, वर करून. आणि आवाज वाढवला.

त्याने नळी काढली, तिचं टोक शर्टाला पुसलं, नीट काउंटरवर ठेवली आणि गेला. मंग्या त्याच्या मागे पळाला. मी नळी उचलून बघितली, कुठे लीक आहे का. काय झालं ते मला संध्याकाळी मंग्याने फोन करून, ओरडून ओरडून सांगितलं. बायको बाजूला भाजी निवडत होती, तिने सगळं ऐकलं. निवडलेली भाजी तिने परत न निवडलेल्यात टाकली.

त्यानंतर केदारची बायको दुकानात आली. वैशाली. आंबिवलीला बालवाडीत शिकवते. एवढुशी बाई, आवाज त्याहून एवढुसा. लहान पोरांशी बोलून बोलून तसा झाला असेल. ती माझ्याशी काहीतरी बोलली, डोळे खाली. मला एक अक्षर पोचलं नाही. आता बहिऱ्या माणसाची एक खोड असते. दोनदा 'काय?' म्हणायचं, तिसऱ्यांदा लाज वाटते, मग मान हलवायची. मी हसून मान हलवली. हो हो म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि निघून गेली. नंतर मंग्याकडून कळलं, तिने विचारलेलं, "काका, तुम्ही त्यांना उगाच आशा लावताय का?"

मला वाटलं संपलं. पण केदार परत आला. एकटा. फोन माझ्यापुढे धरला. मी बोट फिरवत वाचलं. लिहिलेलं, "माझा आवाज नको. गिटार द्या." मी म्हटलं, बरं. मला माफी वगैरे मागता येत नाही, मी चहा मागवला. त्याने माझ्या फोनमधून ते गाणं स्वतः काढून टाकलं, मग चहा प्यायला.

तेव्हापासून त्याचं सुरू झालं. सौरभ गिटार वाजवायचा, केदार नळी तोंडात घालून बसायचा. पहिले काही दिवस नुसतं वाँव वाँव. लाळ नळीत उतरायची, मी नळी झटकायचो, ती मंग्याच्या अंगावर उडायची. शिवाय श्वास गळ्यातून, त्याची फसफस माइकमध्ये. पण हळूहळू अक्षरं उमटायला लागली. आ, ओ, वा. मग ब, म. सौरभचा चेहरा उजळायचा. मी युनिटवर हात ठेवून बसायचो, हाताला कळायचं वाजतंय ते.

एकच गोष्ट आमच्या हातात नव्हती. त्याला कॅन्सरसाठी मशीनचे शेक दिलेले, रेडिएशनचे, त्यामुळे जबडा आखडत चाललेला. डॉक्टरांनी त्याला सांगितलेलं, रोज बोटं उभी घालून बघायची, तोंड किती उघडतं. आधी तीन बोटं जायची. आमची नळी तेव्हा कूलरला लावतात तशी जाड होती. मग दोन बोटं जेमतेम जायला लागली. मी फिशटँकची बारीक नळी आणली. नळी बारीक केली की आवाज बारीक होतो. मी युनिट मोठं लावलं, पण तोंडच उघडत नसेल तर युनिटने काय करायचं. तो रोज आरशात बघून बोटं घालायचा आणि मला दाखवायचा, एवढी. मी म्हणायचो, कालच्यापेक्षा बरंय. खोटंच. मला चष्म्याशिवाय बोट पण दिसत नाही.

आणि त्यात सौरभचं आणि त्याचं वाजलं. सौरभला शब्द नको होते. म्हणाला, नुसते स्वर लाव, आ-ओ कर, शब्द आले की लोक शब्दच धरून बसतात, बाकीचं कोणी ऐकत नाही. आणि खरं सांगायचं तर शब्द तुझे स्पष्ट येत नाहीत. केदारने फोनवर टाइप केलं आणि मंग्याला दिलं. मंग्याने मोठ्याने वाचलं.

"मी वाद्य नाही."

सौरभ म्हणाला, "अरे पण गातोस काय मग? कुठले शब्द?"

केदारने परत टाइप केलं. मंग्याने वाचलं आणि हसायला लागला, मग थांबला. लिहिलेलं, "वैशाली, चावी टाक."

हे आता तुम्हाला सांगायला पाहिजे. त्यांच्या आंबिवलीच्या बिल्डिंगला खाली जाळीचा दरवाजा, त्याला कुलूप. केदार नेहमी चावी विसरून जायचा. घरी आला की खालून हाक मारायची आणि वैशालीने गॅलरीतून चावी टाकायची, जुन्या मोज्यात घालून, म्हणजे लागत नाही. त्याच्या हाकेने आख्खी बिल्डिंग जागी व्हायची, लोक भांडायचे. ऑपरेशननंतर तो मिस्ड कॉल द्यायचा. एकदा फोन बंद होता तर खाली पायरीवर बसून राहिला, कोणीतरी येईल म्हणून. वैशाली त्याला शोधायला निघाली तर हा खालीच बसलेला. त्याच्या हाताशी दगड होता, जाळी वाजवता आली असती. वाजवली नाही.

सौरभ बराच वेळ गिटारची खुंटी पिळत बसला. शेवटी म्हणाला, ठीक आहे, गाण्यातली चार मापं, म्हणजे तेवढा तुकडा, तुझा, काय पाहिजे ते बोल.

रेकॉर्डिंग ठाण्याला होतं, काचेच्या खोलीत. मला नेलं कारण युनिटचा आवाज अंगातून फुटतो आणि माइकमध्ये जातो. मी त्याला गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसलो, तान्ह्या पोरासारखं. रेकॉर्डिंगवाला काचेमागून हात करायचा, थांबा. पहिल्यांदा माझी चप्पल करकरली. चपला काढल्या. मग माझ्या पोटात गुरगुरलं. मग म्हणे कोणीतरी गुणगुणतंय. तो पण मीच, मला स्वतःला ऐकू येत नाही ना. मंग्याने माझ्या तोंडात रुमाल धरायला दिला. एक गाणारा तोंडात नळी घेऊन आणि एक रिपेअरवाला तोंडात रुमाल घेऊन, असा अल्बम झाला तो.

केदारचं तोंड त्या दिवशी दीड बोट उघडत होतं. सौरभ, मंग्या, बासवाला आपापल्या चुली पेटवून वाजवत होते. मग सौरभने केदारकडे मान केली. मला गोधडीतून कळलं, युनिट थरथरलं, थांबलं, परत थरथरलं. केदारचे डोळे मिटलेले. गळ्यावरची शीर पूर्वीसारखी ताणलेली, गरज नसताना. पाच-सहा वेळा करून झालं. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, फसफस काढून टाकू का, श्वासाची? मशीनवर निघते. सौरभने विचारलं नाही कोणाला, म्हणाला, राहू दे.

केदारने ते एकदा ऐकलं, हेडफोन लावून. मग हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवला. मी म्हटलं, एकदम मस्त. मला नुसती धडधड ऐकू आली, ती ड्रमची होती की माझी, देव जाणे. केदारने माझ्याकडे बघितलं, त्याला कळलं, आणि त्याने मला अंगठा दाखवला.

पुढचं लवकर झालं. आजार परत आला. तोंड बंद होत होत करंगळीवर आलं, मग नाकातून नळी घालून दूध. मी भेटायला जायचो आंबिवलीला, बसायचो. आम्ही दोघं काहीच बोलायचो नाही, तेवढं मात्र आम्हाला छान जमायचं. अल्बम तयार व्हायला सौरभने फार वेळ लावला. नेटका माणूस, एकेक ठोका घासत बसला. मंग्या त्याला म्हणाला, अरे आवर, त्याच्यासाठी तरी आवर. तो म्हणाला, त्याच्यासाठीच करतोय. दोघांचंही खरं होतं. केदार त्याआधी गेला.

अल्बम ऐकवायचा कार्यक्रम ठाण्यात एका छोट्या हॉलमध्ये झाला. वैशाली एकटी आलेली, माझ्या शेजारी बसली. मी युनिट रिपेअरवाला म्हणून पुढच्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. सात-आठ तुकडे वाजले असतील. लोक माना हलवत होते, मी त्यांच्याकडे बघून हलवत होतो, जरा उशिराने. मग ते आलं. मला लोकांच्या चेहऱ्यावरून कळलं. आधी हसले सगळे. मोठ्या गंभीर संगीतात मधेच कोणीतरी घरघरत्या आवाजात चावी टाक म्हणतंय, हसणारच. मग शांत झाले. मग टाळ्या. सौरभ मागे भिंतीशी उभा होता, त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. वैशालीने मांडीवरची पर्स सरळ केली, एवढंच.

संपल्यावर लोक तिला येऊन भेटले, काहीबाही बोलले. आम्ही बाहेर पायऱ्यांवर आलो. ती माझ्याशी काहीतरी बोलली. माझी मान हलायला निघालेली. मी ती थांबवली. म्हटलं, "वैशाली, मला ऐकू नाही आलं गं. जरा मोठ्याने बोल."

ती जवळ आली. "ते चावी टाक म्हणायचेच नाहीत, काका. लोकांना कळावं म्हणून घातलं त्यांनी ते."

जवळून बोलली म्हणून तेवढं कळलं. मी विचारलं, "मग काय म्हणायचे?"

ती म्हणाली. ओठ हलले, उघडले आणि तसेच राहिले. मी कानामागे हात धरला. ती परत म्हणाली, जरा जोराने. हॉलमधून बाहेर पडणारी दोन माणसं वळून बघायला लागली. मला अजून पोचलं नव्हतं. मी काय करू, मी मान हलवून नाही म्हटलं.

तेव्हा तिने तोंड रस्त्याकडे केलं आणि ती एवढुशी बाई, बालवाडीतली, गळ्याच्या शिरा ताणून ओरडली.

"ए!"

तेवढंच. नुसतं ए. यात जीभ नाही, ओठ नाहीत, काही नाही, नुसता गळा.

ते मला ऐकू आलं. पहिल्या दोन वेळा ती मला सांगत होती. तिसऱ्यांदा मला नाही.

रस्त्यावरून चाललेली एक रिक्षा थांबली. रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारलं, कुठे जायचंय. तो थोडा वेळ मीटरवर हात ठेवून थांबला, मग गेला.